दहा ग्रॅम दिले, साडेदहा परत आले: एका मिश्रणाचा हिशोब

दहा ग्रॅम मिश्रण दिले होते. चारही घटक वेगळे करून, प्रत्येकाचे वजन करून बेरीज आली १०.५३ ग्रॅम.

गटातल्या मुलीने बेरीज तीनदा तपासली आणि वही माझ्यासमोर धरली. "मॅडम, जास्त कसं आलं? आम्ही तर काहीच टाकलं नाही."

शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "पाणी टाकलं होतं की."

"ते उडवलं ना आपण!" तिने लगेच त्याला गप्प केले.

या दोन वाक्यांत अर्धे उत्तर होते. त्या वेळी ते मलाही दिसले नाही. घंटा वाजली होती, दुसरा वर्ग दाराशी उभा होता. चारही नमुने झाकणाच्या बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या १०.५३ चा उलगडा करायला बसलो.

मिश्रणातून घटक वेगळे करणे हा विषय बहुतेक ठिकाणी पद्धतींच्या यादीसारखा शिकवला जातो: लोहचुंबक, संप्लवन, गाळण, बाष्पीभवन, उर्ध्वपातन. मीही वर्षानुवर्षे तसाच शिकवत आले. या गटाला यादी पाठ होती, पद्धतींचा क्रमही त्यांनी बरोबर लावला होता. तरी चार बाटल्यांपैकी एकीतही शुद्ध पदार्थ नव्हता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

काय दिले होते

मिश्रणात लोखंडाचा कीस २.०० ग्रॅम, नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड १.५० ग्रॅम, मीठ २.५० ग्रॅम आणि धुऊन वाळवलेली बारीक वाळू ४.०० ग्रॅम होती. गटाला फक्त घटकांची नावे आणि एकूण वजन माहीत होते; वेगवेगळी वजने माझ्या टाचणवहीत होती. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वेळ दोन जोडतासिकांचा, म्हणजे ८० मिनिटे.

हे चार पदार्थ मी मुद्दाम निवडते, कारण प्रत्येकाचा एक तरी गुणधर्म बाकीच्या तिघांहून ठळकपणे वेगळा आहे. लोखंड चुंबकाला चिकटते. नवसागर तापवला की न वितळता त्याची वाफ होते (हेच संप्लवन) आणि थंड पृष्ठभागावर ती पुन्हा पांढरी पूड होऊन बसते. मीठ पाण्यात विरघळते आणि जवळजवळ ८०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळतसुद्धा नाही. वाळूला यांपैकी काहीच लागू पडत नाही, म्हणून ती शेवटी उरते.

क्रमाचा प्रश्न

क्रम बरोबर होता, त्यामुळे यावर थोडक्यात लिहून पुढे जाता आले असते. पण क्रम तसाच का, हे मुलांना सांगता आले नाही. "पुस्तकात तसाच आहे" एवढेच उत्तर आले. म्हणून आधी आम्ही चुकीचे क्रम कागदावर करून पाहिले.

समजा, सगळे मिश्रण आधी पाण्यात टाकले. मीठ आणि नवसागर दोन्ही विरघळतात. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते आणि नवसागर सुमारे ३७ ग्रॅम, म्हणजे त्या तापमानाला दोघांत फरक करायला जागाच नाही. पाणी १०० अंशांपर्यंत तापवले तर मिठाचा आकडा जेमतेम ३९ पर्यंत चढतो, नवसागराचा मात्र ७७ पर्यंत. या फरकाचा फायदा घेऊन, गरम संपृक्त द्रावण थंड करून नवसागराचे स्फटिक आधी पाडता येतात खरे. पण हातात दोन-अडीच ग्रॅम माल असताना त्या वाटेने जाणे म्हणजे अर्धा माल द्रावणातच ठेवून येणे. शिवाय ओल्या नवसागराच्या संगतीत लोखंड फार लवकर गंजते. गंज लोखंडासारखा चुंबकाला ओढला जात नाही, तो वाळूला आणि गाळणकागदाला तपकिरी करून टाकतो.

आता लोखंड न काढताच मिश्रण तापवले तर? इथे नवसागराच्या संप्लवनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कापूर तापतो तेव्हा कापराचेच रेणू वायूत जातात. नवसागराचे तसे नाही. सुमारे ३४० अंशांच्या आसपास तो अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो आणि वर, थंड जागी, हे दोन वायू पुन्हा एकत्र येऊन नवसागर बनतो. पाठ्यपुस्तके याला संप्लवन म्हणतात आणि प्रयोगापुरते ते चालते, पण खाली बशीत काही क्षण हायड्रोजन क्लोराइड मोकळा असतो हे विसरता येत नाही. तो तापलेल्या लोखंडाशी अभिक्रिया करून लोह क्लोराइड तयार करू शकतो. म्हणून लोखंड सर्वांत आधी, कोरडे असतानाच काढायचे. त्यानंतर नवसागर, तोही कोरडाच. आणि पाणी सर्वांत शेवटी. पुढच्या पायरीला जे बिघडवेल ते आधीच्या पायरीत काढून टाकायचे, एवढा विचार केला की क्रम पाठ करावा लागत नाही.

मुलांनी केलेही तसेच. मग बिघडले कुठे?

त्यांचे आकडे

वहीतली नोंद अशी होती: लोखंड २.३१ ग्रॅम, नवसागर १.०२, मीठ २.८४, वाळू ४.३६. एकूण १०.५३.

मी माझी टाचणवही उघडून खरी वजने फळ्यावर शेजारी लिहिली. लोखंड ०.३१ ने जास्त, मीठ ०.३४ ने जास्त, वाळू ०.३६ ने जास्त. फक्त नवसागर ०.४८ ने कमी. वर्गात शांतता पसरली. तीन ठिकाणी जास्त आणि एकाच ठिकाणी कमी, असे पाहिल्यावर "सांडलं असेल" हे नेहमीचे कारण चालत नाही. सांडल्याने वजन घटते. वाढते ते दोनच प्रकारे: एकतर दुसरा घटक सोबत आला, नाहीतर बाहेरचे काही आत शिरले.

जास्त आलेल्या वजनाकडे लक्ष दिल्याने रसायनशास्त्रात मोठी गोष्ट हाती लागली आहे, ती मी त्यांना तिथेच सांगितली. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता: लिटरला १.२५७ ग्रॅम विरुद्ध १.२५१ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. तो काट्याच्या माथी मारून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी पिच्छा पुरवला, विल्यम रॅमझी त्यांच्या जोडीला आले आणि १८९४ मध्ये हवेत दडलेला, नायट्रोजनहून जड असा आर्गॉन वायू सापडला. हवेतला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ काढून टाकली की उरतो तो नायट्रोजनच, असे तोवर धरले जात होते. आमच्या गटानेही तेच धरले होते: चुंबकाला लागले ते लोखंडच, पाणी आटल्यावर उरले ते मीठच.

लोखंडाची बाटली

भिंगाखाली धरताच उत्तर मिळाले. किसाच्या काळ्या गुंत्यात पांढरे कण आणि वाळूचे दाणे अडकलेले होते. मुलांनी मिश्रणाचा ढीग करून त्यात चुंबक बुडवला होता. कीस चुंबकावर केसांसारखा उभा राहतो, एकावर एक साखळ्या होतात आणि त्यांच्या मधल्या फटींत बाकीचे कण पकडले जातात. चुंबकाने त्यांना ओढलेले नसते, कीसच त्यांना घेऊन येतो.

आम्ही तो नमुना कागदावर पातळ पसरला, चुंबकाला पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि थोड्या उंचीवरून फिरवला. चिकटलेला कीस दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक मागे ओढला की कीस आपोआप गळतो आणि गळताना सोबतचे कण सुटतात. असे तीनदा केले. कीस भरला १.९८ ग्रॅम आणि मागे उरली ०.३३ ग्रॅम लोखंड नसलेली भुकटी. म्हणजे इथे ०.३३ ग्रॅम वाळू, मीठ आणि नवसागर चुकीच्या बाटलीत जाऊन बसले होते. पुढच्या तीनही घटकांच्या वजनांतून ते आधीच वजा झाले होते. तरीही मीठ आणि वाळू जास्त भरली, हे विशेष.

नवसागर आणि मीठ: एका चुकीची दोन टोके

नवसागर कमी का, याला मुलांचे उत्तर तयार होते: "धूर निसटला." ते खरे होते, पण पुरते नव्हते. बशीवर पालथ्या घातलेल्या नसराळ्याच्या दांडीत त्यांनी कापसाचा बोळा सैलसर लावला होता आणि दांडीच्या तोंडातून पांढरा धूर जाताना मी स्वतः पाहिला होता. तेवढ्याने अर्धा ग्रॅम जाईल का, ही शंका मात्र मला होती.

म्हणून मिठाची बाटली उघडली. चिमूटभर मीठ परीक्षानळीत घेतले, सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालून हलके गरम केले आणि तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरला. कागद निळा झाला. हाताने वारा घेऊन वास पाहिला तर नाकात झोंबणारा अमोनिआ. शुद्ध मिठातून अमोनिआ येणे शक्य नाही. नवसागर मिठात होता.

तो तिथे पोचला कसा, हे समजायला बशीकडे परत जावे लागले. उरलेले सगळे मिश्रण बशीच्या मधोमध टेकडीसारखे ओतून त्यांनी खालून ज्योत लावली होती. वाळू उष्णता फार मंदपणे पोचवते. बुडाचा नवसागर उडाला, वरच्या थरातल्या नवसागरापर्यंत पुरेसे तापमान गेलेच नाही. धूर कमी झालेला पाहून त्यांनी ज्योत बंद केली. "धूर थांबला म्हणजे नवसागर संपला" असे मीच सूचनेत लिहिले होते. ही सूचना अपुरी होती आणि तो दोष माझा आहे. बशीत मागे राहिलेला नवसागर पुढे पाण्यात विरघळला, मिठाबरोबर गाळणकागदातून पार झाला आणि मिठाबरोबरच सुकला.

मग मिठातल्या भेसळीचे माप घेतले. आधी पाणी. नमुना ११० अंशांच्या भट्टीत तासभर ठेवला, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतला ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, गार केला, वजन केले. पुन्हा अर्धा तास, पुन्हा वजन. २.८४ वरून २.६१, मग २.६०, मग २.६० च. लागोपाठ दोन वजने सारखी आल्याशिवाय पदार्थ कोरडा झाला असे म्हणायचे नाही. म्हणजे ०.२४ ग्रॅम पाणीच होते. त्यानंतर तेच मीठ बशीत पातळ पसरून, नसराळे पालथे घालून जोरात तापवले. पांढरा धूर आला, नसराळ्याच्या आतून पूड धरली आणि मीठ उतरले २.३१ वर. आणखी ०.२९ ग्रॅम नवसागर. नसराळ्यावरून त्यातला ०.२४ ग्रॅम खरवडून घेता आला. तापवून उरलेल्या मिठाची लिटमसची चाचणी पुन्हा घेतली, कागद तांबडाच राहिला.

जी मुलगी "ते उडवलं ना आपण" म्हणाली होती, तिने २.८४ आणि २.६० हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मीठ दिसायला, हाताला अगदी कोरडे होते. पण झपाट्याने आटवलेल्या मिठाचे स्फटिक वाढताना द्रावणाचे बारीक थेंब आपल्या पोटात कोंडून घेतात. ते बोटाला लागत नाहीत. स्फटिक तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो. मीठ तापवताना येणारा तडतड आवाज त्याचाच, आणि त्या तडतडीत थोडे मीठ बशीबाहेरही उडते.

साठ मिलिलिटर पाणी

आता मूळ कारणाकडे. इतकी घाई का झाली?

वहीत लिहिले होते: "६० मिलि पाणी घालून ढवळले." का एवढे? "सगळं मीठ नक्की विरघळावं म्हणून." हेतू चांगला होता. पण अडीच ग्रॅम मिठाला सामान्य तापमानाला सात मिलिलिटर पाणी पुरते. उरलेले पाणी त्यांनी केवळ धास्तीने घातले आणि तेवढे सगळे त्यांना पुन्हा आटवावे लागले. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० जूल ऊर्जा लागते, म्हणजे ६० ग्रॅमला सुमारे १,३५,००० जूल. पाणी उकळीपर्यंत आणण्याची ऊर्जा त्याहून वेगळी. लहान बर्नरवर, उघड्या बशीत, त्यांचा अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच गेला. शेवटची दहा मिनिटे उरली तेव्हा ज्योत मोठी केली, मीठ तडतडले, सुकले असे वाटले आणि वजन झाले. वाळू तर भट्टीपर्यंत पोचलीच नाही.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. एवढे पाणी घालूनही वाळूतले मीठ पूर्ण गेले नव्हते. वाळूचा नमुना कोरडा केल्यावर ४.३६ वरून ३.९० वर आला. त्यातले काही पाणी वाळूचे आणि काही गाळणकागदाचे, कारण वजन कागदासकट करून त्यातून कोरड्या कागदाचे वजन वजा केले होते. दमट कागदातले पाणी बिनबोभाट वाळूच्या खात्यावर चढले. मग ती वाळू ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली, धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, तर पांढरी गढूळता आली, म्हणजे क्लोराइड, अर्थात मीठ किंवा नवसागर, होते. गढूळता येईनाशी होईपर्यंत धुऊन, वाळवून वजन केले: ३.८३. अजून ०.०७ ग्रॅम क्षार निघाले होते.

साठ मिलिलिटर पाण्याने धुऊनही क्षार मागे कसे राहिले? गाळून झाल्यावर ओल्या वाळूत थोडे द्रावण अडकून राहतेच. ते दीड मिलिलिटरच्या आसपास धरा, हिशोबाला १.६ घ्या. ६० मिलिलिटरमध्ये मीठ आणि नवसागर मिळून साधारण २.७ ग्रॅम क्षार विरघळले आहेत. वाळूत अडकलेल्या १.६ मिलिलिटरबरोबर त्यांतला साठाला १.६ इतका वाटा मागे राहतो: ०.०७ ग्रॅम. आमचा आकडा नेमका तोच आला. हे पाणी वाळवले की त्यातले क्षार वाळूवरच बसणार.

आता तेच काम दहा-दहा मिलिलिटरने तीनदा केले तर? पहिल्यांदा १० मिलिलिटरपैकी १.६ मागे राहते, म्हणजे क्षारांचा ०.१६ वाटा. दुसऱ्यांदा १० घातल्यावर एकूण ११.६ होते, त्यातले १.६ राहते: ०.१६ चा पुन्हा ०.१४ वाटा. तिसऱ्यांदा आणखी ०.१४. गुणाकार केला की मागे राहतात ०.००८ ग्रॅम, हा काटा जेमतेम ओळखेल एवढे. पाणी निम्मे लागले आणि मागे राहिलेले क्षार नवव्या भागावर आले. मुलांनी हा गुणाकार स्वतः फळ्यावर केला. पहिल्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्याने पुन्हा केला. विरघळवण्यासाठी आणि धुण्यासाठी लागणारे पाणी थोडे-थोडे, अनेक वेळा वापरायचे, ही गोष्ट मी आजवर नुसती सूचना म्हणून सांगत होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा हिशोब फळ्यावर दिसला.

जो गट बरोबर ठरला होता

उलगडा झाला तेव्हा एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात आली. त्याच दिवशी दुसऱ्या एका गटाची बेरीज ९.९७ ग्रॅम आली होती. तेच मिश्रण, तीच वेळ. त्यांच्या वहीवर मी "उत्तम" लिहून सही केली होती.

ती वही परत मागवली. लोखंड २.२२, नवसागर ०.७१, मीठ २.९३, वाळू ४.११. बेरीज बरोबर, पण एकही आकडा खरा नाही. नवसागर निम्म्याहून जास्त गायब, मीठ पहिल्या गटाहूनही अशुद्ध. लिटमसची चाचणी घेतली, कागद क्षणात निळा झाला. धुरावाटे गेलेले वजन आणि पाण्यावाटे आलेले वजन एकमेकांत फिटले होते आणि मी त्या योगायोगाला शाबासकी दिली होती. १०.५३ वाल्या गटाची वही मात्र तशीच परत ठेवून मी त्यांना "पुन्हा करा" म्हणणार होते.

बेरीज वस्तुमानाचा हिशोब सांगते. बाटलीत काय आहे ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक बाटलीला तिचा स्वतःचा प्रश्न विचारावा लागतो: लोखंडाला भिंग, मिठाला सोडिअम हायड्रॉक्साइड आणि लिटमस, वाळूच्या धुवणाला सिल्व्हर नायट्रेट, आणि मीठ, वाळू या दोघांना लागोपाठ दोन सारखी वजने. या चाचण्यांना दहा-पंधरा मिनिटे लागतात. माझ्या मूळ आखणीत त्यांना शून्य मिनिटे होती. दोन्ही गटांना मी हे सांगितले आणि "उत्तम" खोडून त्याखाली चाचण्यांचे निकाल लिहिले. त्या गटातल्या मुलांना वाईट वाटले. सही करण्याआधी पाहायला हवे होते ते मी पाहिले नव्हते, हेही त्यांना सांगितले.

दुसरा प्रयत्न

आठवड्याने पहिल्या गटाला त्याच प्रमाणाचे नवे मिश्रण दिले. प्रमाण आता त्यांना माहीत होते, त्यामुळे परीक्षा आकड्यांची नव्हती, चाचण्यांची होती. काम दोन दिवसांत विभागले. चुंबक पिशवीतून, तीनदा फिरवून. मग मिश्रण बशीत पातळ पसरून संप्लवन; बशी गार झाल्यावर थर उलटापालटा करून दुसऱ्यांदा संप्लवन. दुसऱ्या वेळी धूर बराच आला आणि "थांबला होता ना गेल्या वेळी?" असे एकाने विचारले, ते ऐकून मला बरे वाटले. कापसाचा बोळा या खेपेला घट्ट होता, पण हवा कोंडणार नाही इतपतच. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मे.

मग १० मिलिलिटर पाणी, ढवळणे, वाळू तळाशी बसू देणे, वरचे निवळलेले द्रावण आधी गाळणकागदावर ओतणे. वाळू एकदम कागदावर आली तर छिद्रे बुजतात आणि गाळण रेंगाळते. असे तीनदा, आणि शेवटच्या वेळी वाळूही कागदावर. द्रावण आधी ज्योतीवर आटवले आणि स्फटिक दिसू लागताच बशी वाफेच्या कुंडावर ठेवली, त्यामुळे तडतड झाली नाही. शेवटी मीठ आणि वाळू दोन्ही भट्टीत, कोरडा गाळणकागदही आधी भट्टीत ठेवून मग तोललेला.

लोखंड १.९९, नवसागर १.२९, मीठ २.४५, वाळू ३.९७. बेरीज ९.७०, म्हणजे मागच्या खेपेपेक्षा खूपच कमी. पण लिटमस तांबडा राहिला, सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने धुवण निवळच राहिले, भिंगाखाली किसात एकही पांढरा कण दिसला नाही. मुलांना ९.७० हा आकडा १०.५३ पेक्षा जास्त आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

तरी नवसागर ०.२१ ग्रॅम कमी होता. गटातल्या एकाने बोळा काढून पाहिला, तर त्याची आतली बाजू पांढरी पडली होती. बोळ्याचे आधीचे वजन त्यांनी लिहून ठेवले होते, मी ते सांगितलेही नव्हते. फरक निघाला ०.०८ ग्रॅम. राहिले ०.१३. नसराळ्याच्या काचेवर खरवडूनही न निघणारी पातळ साय होती, पण नसराळ्याचे आधीचे वजन कोणी केले नव्हते.

मिठाच्या रकान्यात "ते उडवलं ना आपण" म्हणणाऱ्या मुलीने लिहिले आहे: २.४७, २.४५, २.४५. त्याखाली नवसागरासमोर: "बोळ्यात ०.०८. उरलेले नसराळ्यावर की हवेत, सांगता येत नाही. पुढच्या वेळी नसराळे आधी तोलणे."